‘ऑटो’ म्हणजे नेमकं काय? नव्या मदरबोर्डसोबतचे तीन आठवडे

मदरबोर्डवरच्या हीटसिंकचे, म्हणजे चिपची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे, स्क्रू काढून तो हळूच उचलला आणि उष्णता त्याच्यापर्यंत पोचवणारा खालचा मऊ थर्मल पॅड दिव्याखाली धरला. ज्या चिपवर पॅड नीट दाबून बसतो तिचा चौकोनी ठसा त्यावर उमटतो. डावीकडच्या रांगेतले ठसे ठळक होते, कडा स्पष्ट, खोली सारखी. वरच्या रांगेत मात्र उजवीकडे जाता जाता ते पुसट होत गेले होते आणि शेवटच्या दोन चिपच्या जागी पॅड कोरा होता. दोन दिवस जो आकडा मला स्वस्थ बसू देत नव्हता, त्याचं कारण हातात होतं.

तिथपर्यंत पोचायला दहा दिवस लागले, आणि त्यातले पहिले दोन मी नको त्या गोष्टी मोजण्यात घालवले.

हा बोर्ड मी स्वतःसाठी घेतला होता. आधीचा एक्स६७०ई चिपसेटचा (चिपसेट म्हणजे यूएसबी वगैरे जोडण्या सांभाळणाऱ्या बोर्डवरच्या चिप), नवा एक्स८७०ई. दोन्हींचं सॉकेट एएम५, त्यामुळे प्रोसेसर, मेमरी, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, सगळं जसंच्या तसं उचलून इकडून तिकडे नेता आलं. प्रोसेसर रायझन ९ ९९५०एक्स, मेमरी १६ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर५-६०००, सीएल३०. तुलना करायची तर बाकी काहीही बदलता कामा नये, आणि इथे ते जमण्यासारखं होतं. विंडोज मात्र दोन्ही वेळा नव्याने टाकलं. जुन्या ड्रायव्हरांचा गाळ घेऊन केलेल्या तुलनेवर माझा विश्वास नाही.

पहिल्याच संध्याकाळी प्रोसेसरचा वेग मोजणारं सिनेबेंच आर२३ चालवलं. नवा बोर्ड शंभरेक गुणांनी पुढे. बेचाळीस हजारांच्या पुढच्या गुणसंख्येत शंभर म्हणजे जेमतेम पाव टक्का, पण तो पाचही फेऱ्यांत पुढेच होता. खोली २६ अंशांवर ठेवली, प्रोसेसर अर्धा तास तापवून घेतला, पुन्हा पाच फेऱ्या. फरक हलला नाही. मग यंत्राच्या आतले आकडे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून बेस क्लॉक, म्हणजे ज्यावरून प्रोसेसरचा वेग ठरतो तो मूळ ठोका, पाहिला आणि उलगडा झाला: जुन्या बोर्डवर ९९.८ मेगाहर्ट्झ, नव्यावर १००. जुन्यावर स्प्रेड स्पेक्ट्रम सुरू होतं. विद्युतचुंबकीय गोंगाट एकाच वारंवारतेवर साठू नये म्हणून क्लॉक किंचित हलता ठेवण्याची ती सोय. ती बंद केली आणि पाव टक्का नाहीसा झाला.

मेमरी कंट्रोलर, ग्राफिक्स कार्डाच्या लेन (माहितीची ये-जा होते त्या वाटा), पहिल्या एसएसडीच्या लेन, सगळं आता प्रोसेसरच्याच आत असतं. चिपसेटचं म्हणाल तर एक्स६७०ई आणि एक्स८७०ई या दोन्हींमध्ये प्रोमोंटरी २१ हीच चिप जोडीने बसवलेली असते. नव्यात यूएसबी४ सक्तीचं झालं, हा ठळक बदल. म्हणून एकाच प्रोसेसरवर दोन चांगल्या बोर्डांत तीन-चार टक्क्यांचा फरक दिसला, तर मला आनंद होण्याऐवजी संशय येतो. बहुतेक वेळा एक बोर्ड ‘ऑटो’च्या, म्हणजे त्याच्यावरच सोडलेल्या सेटिंगच्या, नावाखाली पॉवरमर्यादा सैल करत असतो. २०२० मध्ये तर एएम४च्या काही बोर्डांबद्दल याहून वाईट गोष्ट उघड झाली. ते बोर्ड प्रोसेसरला वीजप्रवाहाचा आकडा खराखुऱ्यापेक्षा कमी कळवत. आपण मर्यादेतच आहोत असं समजून प्रोसेसर जास्त वीज ओढत राही आणि बोर्ड वेगवान ठरे. तेव्हाच एचडब्ल्यूइन्फोमध्ये ही तफावत दाखवणारी ओळ आली.

म्हणून तिसऱ्या दिवशी बेंचमार्क बाजूला ठेवले आणि वहीत एकच प्रश्न लिहिला: मी काहीही न सांगता हा बोर्ड काय काय करतो?

सुरुवात वीज मोजण्यापासून केली. पॉवर सप्लायकडून प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन्ही आठ पिनी केबलांतल्या १२ व्होल्टच्या तारा एकत्र करून त्यांच्याभोवती डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर अडकवला. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं प्राइम९५ चालू, प्रोसेसरचा स्वतःचा आकडा २३० वॉट, क्लॅम्पवर २१ अँपिअर. म्हणजे २५२ वॉट आत जात होते, प्रोसेसर २३० सांगत होता, आणि मधले २२ वॉट बोर्डच्या व्हीआरएममध्ये, म्हणजे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देणाऱ्या भागात, उष्णता होऊन जात होते. नव्वद टक्क्यांच्या थोडी वर कार्यक्षमता, जी अशा व्हीआरएमकडून अपेक्षित असते. पद्धत ढोबळ आहे, पण प्रोसेसर २३० सांगत असताना क्लॅम्पवर ३०० वॉटची वीज दिसली असती, तर बोर्ड खोटं बोलतोय हे या ढोबळ मापातही कळलं असतं. हा बोर्ड खरं सांगत होता. मला मनापासून बरं वाटलं, कारण पुढची सगळी मापं याच्यावर उभी राहणार होती.

आता व्हीआरएम. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत याचीच जाहिरात असते: इतके फेज (वीज वाटून घेणारे समांतर भाग), प्रत्येकी इतके अँपिअर. माझ्या बोर्डवर मुख्य व्होल्टेजसाठी १६ फेज आहेत आणि प्रत्येक फेजची चिप ११० अँपिअरची. गुणाकार १७६० अँपिअर. ९९५०एक्सला सलग प्रवाहाची मर्यादा आहे १६० अँपिअर आणि क्षणिक उसळीची २२५. म्हणजे पूर्ण भारावर प्रत्येक चिपच्या वाट्याला दहा अँपिअर येतात. थंडाव्यासाठी द्रव नायट्रोजन ओतून वेगाचे विक्रम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बाकी आपल्यासाठी बारा फेज की सोळा या वादात काही उरलेलं नाही. त्या चिपमधून निघालेली उष्णता हीटसिंकपर्यंत पोचते का, हा प्रश्न मात्र कायम राहतो, आणि त्याचं उत्तर खोक्यावर छापलेलं नसतं.

ते तपासायला मी वॉटर कूलर लावला. मोठा एअर कूलर प्रोसेसरसोबत आजूबाजूच्या व्हीआरएमवरही वारा घालतो. वॉटर कूलरचे पंखे दूर रेडिएटरवर असतात आणि व्हीआरएमला स्वतःच्या हीटसिंकवरच भागवावं लागतं. बोर्डची परीक्षा तिथे होते. बोर्डच्या मागच्या बाजूला, चिपांच्या बरोबर पाठीमागे, दोन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) चिकटवले: एक डाव्या रांगेच्या मध्यावर, एक वरच्या रांगेच्या उजव्या टोकाला.

अर्ध्या तासाने बोर्डचा स्वतःचा सेन्सर ६१ अंश दाखवत होता. डावीकडचा थर्मोकपल ६३. उजव्या टोकाचा ८४.

आधी वाटलं, तार सैल झाली असेल. पुन्हा चिकटवली. पुन्हा ८४. थर्मोकपलांची अदलाबदल केली. आकडा जागेला चिकटून राहिला. ८४ अंशांनी चिप जळत नाही, त्या याहून बरंच जास्त सोसतात. मला खुपत होता तो वीस अंशांचा फरक. एकाच हीटसिंकखाली, सारख्याच भाराच्या चिपांत एवढी तफावत का असावी? आणि बोर्डचा सेन्सर थंड टोकाला असल्यामुळे ‘सगळं ठीक’ असं सांगत होता. सेन्सर खरंच बोलत होता, फक्त आपल्या जागेपुरतं.

मग तो हीटसिंक उतरवला आणि सुरुवातीला सांगितलेला कोरा पॅड पाहिला. वरच्या बाजूचा एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा दीड फेरा सैल होता. जुळणी करताना तो शेवटपर्यंत आवळला गेला नव्हता, इतकंच. त्याच जाडीचा नवा पॅड कापून बसवला, चारही स्क्रू एकदम न आवळता कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात असे थोडे थोडे आवळत गेलो. पुन्हा अर्धा तास. उजवं टोक ६६. बनवणाऱ्यांना फोटो आणि आकडे पाठवले. त्यांनी बोर्ड बदलून देण्याची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. या बोर्डची आता मला पुरती ओळख झाली होती.

जे कुणी व्हीआरएमचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये पाहून निश्चिंत होतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: एकदा तरी बोर्डच्या पाठीमागून मोजा.

व्होल्टेजचं प्रकरण यापेक्षा नाजूक निघालं. मेमरीचं एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे स्टिकमध्येच साठवलेली वेगाची तयार सेटिंग, सुरू केलं की डीडीआर५-६००० साठी लागणारं सगळं बोर्ड आपणहून लावतो, आणि त्यात एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं व्होल्टेज, येतं. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची छायाचित्रं समोर आली, तेव्हा चर्चा याच व्होल्टेजची होती. त्यानंतर एएमडीने बायोसमधून, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या मूळ सॉफ्टवेअरमधून, त्यावर १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घातली. माझ्या नव्या बोर्डने ऑटोवर काय लावलं होतं? मापनबिंदूवर मल्टिमीटर धरला: १.२८. मर्यादेच्या आत, पण जेमतेम. या स्टिकना या वेगाला एवढं लागत नाही हे मला जुन्या बोर्डवरून ठाऊक होतं. हाताने १.२० लावलं, रात्रभर मेमरी तपासणी चालवली, एकही चूक नाही.

बोर्ड असं का करतो तेही समजून घ्यायला हवं. हजारो वेगवेगळ्या प्रोसेसर आणि मेमरीच्या जोड्यांपैकी सगळ्यात कमकुवत जोडीही पहिल्या फटक्यात सुरू व्हावी, म्हणून तो सगळ्यांना जास्तीचं व्होल्टेज वाढतो. नवख्याला त्याने सोय होते. पण हा बोर्ड ज्यांच्यासाठी बनवलाय ते एकेका मिलिव्होल्टचा विचार करणारे लोक आहेत, आणि एवढा मोठा निर्णय त्यांच्यापुढे निदान ठळकपणे मांडला जायला हवा होता. तो तिसऱ्या उपमेनूत होता.

लोडलाइन कॅलिब्रेशन, म्हणजे भाराखाली व्होल्टेज किती झुकू द्यायचं ते ठरवणारी सेटिंग, तपासायला एका मित्राचा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारं यंत्र) एका दुपारपुरता मिळाला. भार वाढला की व्होल्टेज थोडं खाली झुकतं. वाटेतला रोध १ मिलिओम धरला आणि प्रवाह १६० अँपिअर, तर ०.१६ व्होल्टची घट. अनेकांना ही घट दोष वाटते आणि ते लोडलाइन सगळ्यात कडक पायरीवर नेऊन रेषा सपाट करतात. मल्टिमीटरवर ती सपाट दिसतेही. ऑसिलोस्कोपवर चित्र निराळं होतं. कडक पायरीवर भार अचानक सुटला की काही मायक्रोसेकंद व्होल्टेज जवळपास ८० मिलिव्होल्टने वर उसळत होतं. मधल्या पायरीवर तीच उसळी तिशीत होती. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे त्याला यातलं काहीच दिसत नाही. झुकणं ही उसळीसाठी राखलेली जागा असते. मी मधली पायरी ठेवली. ऑटोनेही तीच निवडली होती, आणि याचं श्रेय बोर्डला द्यायलाच हवं.

पुढचा आठवडा पूर्ण मेमरीत गेला.

डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा सुरू केला की पडदा बराच वेळ काळा राहतो. प्रोसेसर प्रत्येक सिग्नलची वेळ जुळवत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. बोर्डवरच्या दोन अंकी कोडवर नजर ठेवून थांबायचं. घाईने बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. स्टिक दोनच असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, कारण वायरिंगची साखळी तिथे संपते आणि मोकळं टोक लोंबत राहत नाही. चारही स्लॉट भरायचे बेत मी कुणालाच सुचवत नाही. ९००० मालिकेत दोन स्टिकना अधिकृत वेग ५६०० आहे आणि चार लावल्या की तो ३६०० वर येतो.

मला पाहायचं होतं ते वेगळंच: मेमरी जुळली नाही तर हा बोर्ड काय करतो? म्हणून मुद्दाम अशक्य टायमिंग लावत गेलो. वेगाचा कस पाहणाऱ्या माणसाचा निम्मा वेळ अपयशी सुरुवातींत जातो, तरी बोर्डच्या परीक्षणांत याबद्दल फार कमी वाचायला मिळतं. वहीत अशा तेवीस सुरुवाती नोंदल्या आहेत. अठरा वेळा बोर्डने तीनदा प्रयत्न केला, मग सुरक्षित वेगावर येऊन बायोस उघडलं, आणि मी लावलेले सगळे आकडे तसेच ठेवले. मला फक्त चुकीचा तेवढा बदलायचा होता. चार वेळा तो एका कोडवर अडकला आणि बोर्डवरच्या रीट्राय बटणाने सुटला. एकदाच सीमॉस साफ करावं, म्हणजे बायोसची सगळी सेटिंग पुसावी लागली, आणि ते बटण मागच्या पट्टीवर असल्यामुळे ग्राफिक्स कार्ड काढावं लागलं नाही. जुन्या बोर्डवर त्यासाठीच्या दोन पिना कार्डाच्या खाली होत्या. त्या बोर्डवर असे आठवडे काढलेल्या माणसालाच या बटणाची खरी किंमत कळेल.

एक गोष्ट मात्र सलली. बायोस अद्ययावत केल्यावर जतन केलेली सगळी प्रोफाइल पुसली गेली, आणि पेनड्राइव्हवर काढलेली जुनी प्रत नव्या आवृत्तीने स्वीकारली नाही. नऊ रात्रींचं काम वहीतून परत हाताने भरलं. तेव्हापासून प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवतो.

६४०० वर मेमरी आणि कंट्रोलर एकाच क्लॉकवर चालवायचा प्रयत्नही केला. सुरू झालं, तपासणीत चाळीस मिनिटांनी चूक आली. जुन्या बोर्डवरही हा प्रोसेसर तिथेच अडला होता. ती मर्यादा प्रोसेसरची, बोर्डच्या नावावर मांडणं अन्याय होईल.

मग टीआरईएफआय. मेमरीच्या पेशीतला भार हळूहळू गळतो, म्हणून तो ठरावीक अंतराने ताजा करावा लागतो. डीडीआर५ मध्ये हे अंतर ३.९ मायक्रोसेकंद, म्हणजे ६००० च्या वेगाला ११,७०० चक्रं. हौशी मंडळी ते थेट ६५,५३५ वर नेतात. ताजं करण्यात जाणारा वेळ वाचतो आणि लेटन्सी, म्हणजे मेमरीकडून उत्तर यायला लागणारा वेळ, उतरते. मीही नेलं. उघड्या बेंचवर स्टिकचं तापमान ४४ अंश, रात्रभर तपासणी, सगळं निर्दोष. बोर्ड केसमध्ये बसवला, मेमरीची तपासणी आणि ग्राफिक्स कार्डावर पूर्ण भार एकत्र सुरू केला. स्टिक ६० अंशांच्या पुढे गेल्या आणि पंधराव्या मिनिटाला पहिली चूक. तापमान वाढलं की गळती वाढते, आणि बाविसेक मायक्रोसेकंद वाट पाहणं त्या पेशींना झेपेना. डीडीआर५ च्या चिपमध्ये स्वतःची चूकदुरुस्ती असते, पण ती आतल्या आत चालते आणि प्रणालीला काही कळवत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर राहता येत नाही. आकडा ५०,००० वर आणला, स्टिकसमोर एक पंखा लावला, मग दोन तासांच्या तशाच भारात चूक आली नाही. उघड्या बेंचवर ‘स्थिर’ ठरलेलं काहीही केसमध्ये पुन्हा तपासल्याशिवाय मी आता स्थिर म्हणत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. दुसऱ्या पीसीआयई ५.० एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी टाकल्यावर जीपीयू-झेडमध्ये ग्राफिक्स कार्ड १६ ऐवजी ८ लेनवर आलेलं दिसलं. प्रोसेसरच्या वापरता येणाऱ्या २४ लेनपैकी १६ कार्डाला, ४ पहिल्या एसएसडीला आणि ४ यूएसबी४ ला गेल्यावर दुसऱ्या एसएसडीसाठी कार्डाच्याच लेन घ्याव्या लागतात. हे पुस्तिकेत लिहिलं होतं, मी आधी वाचायला हवं होतं. ती एसएसडी चिपसेटच्या स्लॉटमध्ये हलवली. कार्ड सोडवायचं बटण उत्तम, बोटं अडकत नाहीत. विंडोज पहिल्यांदा सुरू होताच बोर्डच्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकायची खिडकी आपोआप उघडली. तो पर्याय बायोसमध्ये आधीपासून चालू होता. मी न मागता माझ्या यंत्रावर काही येऊ नये या मताचा मी आहे, म्हणून तो पहिल्या मिनिटाला बंद केला.

शेवटचे तीन दिवस झोपवण्या-उठवण्याच्या चाचणीला दिले. यंत्र स्लीपमध्ये घालायचं, दहा मिनिटांनी उठवायचं, मेमरीची छोटी तपासणी, पुन्हा स्लीप. चाळीस वेळा. तासन्‌तास भार सोसणारी सेटिंग उठताना कोसळलेली मी पाहिली आहेत. इथे चाळीसही वेळा ते नीट उठलं.

मग एका रात्री वीज पूर्ण तोडून ठेवली. सकाळी थंड बोर्डला वीज दिली, कोड पळत गेले, पडदा उजळला, मल्टिमीटरवर एसओसी १.१९८. प्रोब काढले, केस बंद केली. उजव्या टोकाच्या थर्मोकपलची तार मात्र मुद्दाम आतच ठेवली आहे, मागच्या फटीतून बाहेर काढून. सहा महिन्यांनी धूळ साचली आणि पॅड बसून गेला, की तो ६६ चा आकडा कुठे असतो ते बघायचं आहे.